चार वेळा ‘चुकून’ घेतलेली पुस्तकं: ठाण्यातल्या एका वाचनगटाचं प्रकरण

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या क्लबहाऊसमध्ये मी दुसऱ्या रांगेत बसले होते. समोर टेबलावर शाल, श्रीफळ, झेंडूचा छोटा गुच्छ, आणि खुर्चीत आमच्या ताई. ताई सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी एका वॉर्डच्या पार्श्वभूमीवर चार भागांची रहस्यकथा लिहिली. छापणारा प्रकाशक मिळाला नाही म्हणून स्वतःच्या पैशांनी ई-बुक काढलं. मी नौपाड्यात अक्षरजुळणी करते, ई-बुकच्या फाइली बनवते. त्यांच्या चारही फाइली माझ्याच हातच्या. म्हणूनच त्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं होतं.

सत्कार झाला. वाचनगटाच्या संयोजिका उठल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, “आमच्या गटातल्या बावीस जणींनी मॅडमचे चारही भाग वाचून काढलेत.” टाळ्या झाल्या. ताईंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, दोन वर्षांच्या जागरणांचं चीज झालं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका आजींनी विचारलं, “मलापण वाचायचंय गं, कुठे मिळतं?”

संयोजिकांनी पर्समधून फोन काढला आणि आजींना दिसेल असा धरला. “अगदी सोपं आहे काकू. हे बघा, इथे ११८ रुपये भरायचे. सात दिवसांत वाचून काढायचं. झालं की इथे ‘पैसे परत’ दाबायचं. कारण विचारतात, तिथे ‘चुकून खरेदी’ निवडायचं. दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात येतात. त्याच पैशांत दुसरा भाग घ्यायचा. चारही भाग वाचून होतात आणि तुमचे ११८ रुपये जिथल्या तिथे!”

हे सगळं ताईंच्या समोर, त्यांच्या खांद्यावर शाल असताना. त्या बाईंच्या मनात जराही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. लपवायचं काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. ताईंनी खांद्यावरची शाल उतरवली, नीट चार घड्या घातल्या आणि मांडीवर ठेवली. मनोगतात त्या रात्रपाळीबद्दल बोलल्या, गोष्टीतल्या वॉर्डबॉयबद्दल बोलल्या. पैशाचा शब्दही काढला नाही. परतताना रिक्षा माजिवड्याच्या पुलाखाली अडकली तेव्हा मात्र म्हणाल्या, “म्हणजे ते उणे आकडे हेच होते तर.”

हे प्रकरण मी ताईंच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांचं नाव, गटाचं नाव, संकुलाचं नाव, ई-बुकच्या दुकानाचं नाव, काहीच देत नाही. ताईंची तीच अट होती.

आकडे काय सांगत होते

चारही भाग दिवाळीत एकदम आले होते. दुकान दर महिन्याला लेखकाला एक तक्ता पाठवतं. किती विकले, किती परत आले, कारण काय निवडलं. वाचकाचं नाव त्यात नसतं, आणि नसावंच. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांचा एकत्र हिशेब असा होता: पहिला भाग ८८ जणांनी घेतला, ३१ परत आले. दुसरा ४७, परत २२. तिसरा ३६, परत २१. चौथा ३३, परत २१. म्हणजे एकूण २०४ प्रती गेल्या, ९५ परत आल्या, हाती राहिल्या १०९.

हे आकडे मी डिसेंबरपासून बघत होते आणि मला ते कळले नाहीत, याची मला आजही रुखरुख आहे. कारण गोष्ट समोरच होती. मालिकेतला पहिला भाग आवडला नाही तर माणूस दुसऱ्याच्या वाटेला जात नाही. पुढच्या भागांना टिकून राहतो तो आवडलेला वाचक. त्यामुळे भाग पुढे सरकतील तसे परत येणारे कमी व्हायला हवेत. इथे उलटं चाललं होतं. पहिल्या भागातले शंभरातले पस्तीस परत, तर चौथ्यातले शंभरातले चौसष्ट. तीन भाग वाचून चौथा मागून घेणारा वाचक तो चौथा ‘चुकून’ कसा घेईल? कारणाच्या रकान्यात ८६ वेळा ‘चुकून खरेदी’ असंच आलं होतं.

उरलेले ९ परतावे वेगळे होते, आणि ते माझ्यामुळे होते. ताईंनी हस्तलिखित एका ओळखीच्यांकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं होतं. मी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदललं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक असेल की त्यात अर्धा ‘र’ हमखास दगा देतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. ताईंच्या पहिल्या भागात माळशेज घाटाचं वर्णन आहे. त्यात ‘खोल दऱ्या’ होत्या, काही फोनवर त्या ‘खोल दर्या’ दिसू लागल्या. दरीचा समुद्र झाला! चार-पाच ठिकाणी पहिली वेलांटीही अक्षर सोडून भलतीकडे गेली होती. नऊ जणांनी ‘फाइल नीट वाचता येत नाही’ असं कारण देऊन पैसे परत घेतले. बरोबर केलं त्यांनी. पैसे परत मिळण्याची सोय त्यांच्यासाठीच आहे. त्यांच्यामुळे चूक मला कळली आणि दुसऱ्या आठवड्यात मी नवी फाइल चढवली.

हे मुद्दाम सांगते, कारण या विषयावर बोलताना लेखकमंडळी सगळ्याच परताव्यांना एका माळेत ओवतात. फाइल बिघडलेली असेल, वर्णन एक आणि आत मजकूर दुसराच असेल, मुलाने खेळताखेळता बटण दाबलं असेल, किंवा चार पानं वाचून ‘हे आपल्यासाठी नाही’ असं वाटलं असेल, तर पैसे परत मागण्यात काहीच गैर नाही. मी स्वतः मागितले आहेत. ई-कॉमर्ससाठी २०२० साली जे ग्राहक संरक्षण नियम आले त्यांतही सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये असं म्हटलंय. तो हक्क आहे. प्रश्न फक्त त्या ८६ चा आहे.

११८ रुपये कुठे जातात

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकवर आहे. त्यातही २०१८ पासून असा फरक आहे की ज्या ई-बुकची छापील आवृत्ती आहे त्यावर ५ टक्के, आणि जे फक्त ई-बुक म्हणूनच आहे त्यावर १८ टक्के. म्हणजे ज्याच्या मागे प्रकाशक उभा आहे त्याला कमी कर, आणि ज्याला छपाईच परवडत नाही त्याच्या वाचकाला जास्त. मला हे पहिल्यापासून खटकतं. ताईंच्या पुस्तकाची छापील प्रत नव्हती, त्यामुळे १०० रुपयांचं पुस्तक वाचकाला ११८ ला पडायचं. कर गेला की उरलेल्या १०० तले ५० दुकानाचे आणि ५० ताईंचे.

खर्चाची ताईंची वही आहे. शाळेच्या मुलांची असते तशी, दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे रक्कम, इंजेक्शनची नोंद करावी तसं ठाशीव अक्षर. प्रत्येक भागासाठी मुखपृष्ठाच्या चित्रकाराला ४,०००, मुद्रितशोधनाला ६,०००, फाइलसाठी मला ३,५००. एका भागाला १३,५००, चार भागांना ५४,०००. मुदत ठेव मोडून दिले. भागाचा खर्च निघायला २७० प्रती टिकायला हव्यात. तीन महिन्यांत चारही भागांच्या मिळून टिकल्या १०९. मिळाले ५,४५०.

त्या ८६ परतल्या नसत्या तर आणखी ४,३०० आले असते. तरीही खर्च निघाला नसता, हे मान्य करते. वाचनगटाने ताईंना बुडवलं असं मी म्हणत नाही. पण तीन महिन्यांत जे ९,७५० हातात यायला हवे होते त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक गेले, ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. जानेवारीत तर ६ नव्या प्रती गेल्या आणि डिसेंबरअखेर घेतलेल्या १३ परत आल्या. ३०० जमा, ६५० वजा. ताईंच्या खात्यात त्या महिन्याची कमाई दिसली उणे ३५०. पुस्तक लिहून आपण दुकानाचं देणं लागतो, हे त्यांना समजावून सांगताना माझी जीभ जड झाली होती.

दुसरीकडे बावीस जणींचे मिळून २,५९६ रुपये फक्त फिरत होते. पहिल्या भागात गेले, परत आले, दुसऱ्यात गेले, परत आले. शेवटी घरी पोचले.

सत्तर पानं

पैशांचं नुकसान मोजता येतं. त्याहून मोठं नुकसान मला मार्चमध्ये कळलं, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त तेच सलतं.

जानेवारीचा तक्ता आल्यावर ताईंनी पाचव्या भागाचं लेखन थांबवलं होतं. दुकानाकडून त्यांना एक ठरीव पत्रही आलं होतं: तुमच्या पुस्तकांच्या परताव्याचं प्रमाण जास्त आहे, मजकुराचा दर्जा तपासावा. त्यानंतर दुकानाच्या पहिल्या पानावरून त्यांची पुस्तकं खाली सरकली. ताईंनी हे सगळं एकत्र जोडलं. पहिला भाग बरा, पुढे पुढे कंटाळवाणा होत गेला, चौथ्याचा शेवट तर लोकांना अजिबातच पटला नाही. शंभरातले चौसष्ट जण परत करतायत म्हणजे काय! चौथ्या भागाच्या शेवटी एक म्हातारी रुग्ण रात्री गुपचूप वॉर्ड सोडून जाते. पाचवा भाग तिच्याच मागावर होता. ताईंनी ती म्हातारी काढून टाकायची ठरवलं. हाताने लिहिलेल्या सत्तर पानांवर तिरकी रेघ मारली.

आणि गटातल्या बायकांना तीच म्हातारी सर्वांत जास्त आवडली होती. कार्यक्रमानंतर चहा घेताना तिघींनी ताईंना विचारलं होतं, “ती आजी पुढे सापडते का हो?”

लेखकाला वाचक दिसत नाही. नाटकवाल्यांना गडकरी रंगायतनमध्ये पडदा पडल्यावर कळतं की प्रयोग रंगला का पडला. मोठ्या प्रकाशकाच्या लेखकाला परीक्षण येतं, पत्रं येतात, समारंभात कोणी भेटतं. स्वतः पुस्तक काढणाऱ्या माणसाकडे फक्त तो महिन्याचा तक्ता. तेच त्याचं टाळ्यांचं मोजमाप. आवडलेलं पुस्तक परत करणारी वाचक त्या तक्त्यातून लेखकाला कळवते की ‘नाही आवडलं’. तिला तसं म्हणायचं नसतं, पण पोचतं तेच. ५० रुपये उद्या दुसऱ्या कोणाकडून येतील. असा खोटा निरोप मात्र लेखक मनाला लावून घेतो आणि त्याच्यावर पुढचं पुस्तक बेततो.

दुसरी बैठक

मला पहिल्यांदा प्रचंड राग आला होता. सरळ संकुलाच्या नावासकट सगळीकडे लिहून टाकावं असं वाटत होतं. ताईंनी अडवलं. म्हणाल्या, “अगं, चुकीचं औषध घेतलेल्या पेशंटवर मी कधी ओरडले नाही. आधी विचारायचं, कोणी सांगितलं आणि काय समजून घेतलंत.” संयोजिकांना फोन केला आणि गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी त्याच क्लबहाऊसमध्ये बसायचं ठरलं. सतरा जणी आल्या. ताईंनी भाषण केलं नाही. वही उघडून टेबलावर ठेवली आणि तक्त्याची प्रत शेजारी. “माझं चुकत असेल तर सांगा,” एवढंच म्हणाल्या.

वही हातोहात फिरली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग जे बोलणं झालं त्यातलं ‘ई-बुकला कागद कुठे लागतो’ आणि ‘एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो’ हे दोन मुद्दे वहीच्या त्या पानानेच निकालात काढले. कागदाचा खर्च तिथे नव्हताच. चित्रकार, मुद्रितशोधक, मी, आणि ताईंची दोन वर्षं. एकीने विचारलं, “मग दुकान परवानगी का देतं?” यावर माझ्याकडे त्या दिवशी चांगलं उत्तर नव्हतं.

एक गोष्ट ऐकून मी चकित झाले. एक ताई जराशा दुखावून म्हणाल्या, “आम्ही पीडीएफ फिरवत नाही हं. आमच्या गटाचा नियमच आहे. कोणी पीडीएफ टाकली तर काढून टाकतो.” म्हणजे त्यांनी या विषयाचा विचार केला होता! कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, पुस्तकाची चोरटी प्रत वाटणं हा त्यानुसार गुन्हा आहे, त्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्या चोरीतून वाचण्यासाठी त्यांनी निवडलेली सरळ वाट म्हणजे हा परतावा. रीतसर दुकानातून घ्यायचं, रीतसर परत करायचं, यात प्रत कुठेच तयार होत नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही आहे. ही कॉपीराइटची चोरी नाही. यात खोटं आहे ते फक्त कारणाच्या रकान्यात.

आणि मग वाचनालयाचा मुद्दा आला. तो खरा होता, आणि त्यावर पाऊण तास गेला. “आम्ही लहानपणापासून तेच करत आलोय,” एक आजी म्हणाल्या. “वाचनालयातून आणायचं, वाचायचं, परत करायचं. परत नाही केलं तर दंड बसायचा. वाचून झाल्यावर पुस्तक स्वतःकडे ठेवून घेणं हेच आम्हाला चुकीचं वाटतं.”

ठाण्यातल्या माणसाला हे पटकन कळेल. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १ जून १८९३ रोजी सुरू झालं, विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली त्याला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षं झाली होती. या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पुस्तकं विकत घेण्यापेक्षा वाचनालयातूनच वाचली. अनामत, मासिक वर्गणी, कार्डावर शिक्का, पंधरा दिवसांनी बदली. ‘परत करणं’ या क्रियेला आपल्याकडे शिस्तीचा, चांगल्या वळणाचा वास आहे. फोनवरचं ‘परत करा’ हे बटण त्या आजींना वाचनालयाच्या काउंटरसारखं वाटलं, यात नवल काय?

पण वाचनालयात पुस्तक आणि पैसा या दोन वेगळ्या वाटा असतात. पुस्तक फिरतं, पैसे फिरत नाहीत. वाचनालय प्रत विकत घेतं, ती किंमत लेखकाकडे आणि प्रकाशकाकडे कायमची जाते. मग ती प्रत शंभर जणांनी वाचली तरी कोणी प्रकाशकाकडे जाऊन म्हणत नाही की वाचून झालं, आता किंमत परत द्या. आपण वाचक म्हणून वर्गणी भरतो, तीही परत मागत नाही. अनामत परत मिळते, कारण ती किंमत नसतेच, विश्वासाची ठेव असते. ताईंनी हे फार सोप्या शब्दांत सांगितलं: “तुम्ही पुस्तक परत केलंत त्याचं मला काहीच नाही. एक प्रत घेऊन बावीस जणींनी वाचली असती तरी मला आनंदच झाला असता. तुम्ही माझी मजुरी परत घेतलीत.”

हे ऐकल्यावर कोपऱ्यात बसलेली एक तरुण मुलगी बोलली. ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करते, गटात सर्वांत लहान. “काकू, तिसरा आणि चौथा मी परत नाही केला. मला ते बरं नाही वाटलं. पण बाकीच्यांना सांगायचा धीर झाला नाही.” दुसऱ्या भागाचे २२ परतावे आणि तिसऱ्याचे २१, या फरकाचा उलगडा मला तिथे झाला.

बाहेर हे आधीच घडून गेलंय

घरी आल्यावर मी ‘दुकान परवानगी का देतं’ या प्रश्नाच्या मागे लागले. २०२२ मध्ये अमेरिका-इंग्लंडमध्ये हाच प्रकार टिकटॉकच्या छोट्या व्हिडिओंमधून पसरला होता: किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुकच्या दुकानात, पुस्तक घ्या, वाचा, परत करा, वाचन फुकट. भारतात टिकटॉक २०२० पासून बंद आहे, आपल्याकडे हीच युक्ती व्हॉट्सॲपवरून तोंडी सल्ल्यासारखी पोचली. तिकडच्या स्वतंत्र लेखकांना, विशेषतः मालिका लिहिणाऱ्यांना, ताईंसारखेच उणे आकडे दिसायला लागले. अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड आणि इंग्लंडच्या सोसायटी ऑफ ऑथर्स या लेखकांच्या संघटनांनी ॲमेझॉनकडे विषय लावून धरला. त्या सप्टेंबरमध्ये ठरलं की १० टक्क्यांहून जास्त वाचलेलं ई-बुक वाचकाला बटण दाबून आपोआप परत करता येणार नाही. त्यासाठी ग्राहक सेवेकडे विनंती करावी लागेल आणि माणूस ती तपासेल.

मला हा तोडगा फार शहाणा वाटतो. दहावा हिस्सा वाचेपर्यंत फाइल बिघडली आहे का, भाषा जमते का, चुकून घेतलं का, हे सगळं कळतं. त्यापुढे खरंच अडचण असेल तर दार बंद नाही, फक्त तिथे माणूस बसलाय. दुकानाला कोणी किती वाचलं हे कळत असतंच, शेवटचं पान लक्षात ठेवून ते पुढच्या वेळी तिथूनच उघडून देतं.

हे सगळं मांडून आम्ही ताईंच्या दुकानाला पत्र लिहिलं. ग्राहकाने तक्रार केली तर ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण करावं लागतं. पण ताई तिथे ग्राहक नव्हत्या, करार करून पुस्तक देणाऱ्या होत्या, त्यामुळे त्या मुदतींचा आम्हाला आधार नव्हता. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: सूचनेची नोंद घेतली आहे. सात दिवसांचा नियम आजही तसाच आहे.

पुढे काय झालं

गटाचं सगळं काही सुरळीत झालं नाही. बैठकीला न आलेल्या पाच जणींपैकी दोघी गट सोडून गेल्या. आम्हाला चोर ठरवलं, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी तो शब्द वापरला नव्हता, पण त्यांना तसं वाटलं असेल तर वहीचं ते पान सगळ्यांसमोर मांडायला नको होतं का, असं माझ्या मनात येऊन जातं. तेरा जणींनी चारही भाग पुन्हा विकत घेतले आणि ठेवले. उरलेल्यांनी घेतले नाहीत, आणि त्यांना कोणी विचारलंही नाही.

संयोजिकांनी मात्र दोन कामं केली. गटात वापरायची युक्ती म्हणून जो संदेश त्यांनी वर्षापूर्वी चिकटवून ठेवला होता तो काढला. आणि ताईंना म्हणाल्या, “तुम्ही छापील प्रती काढा, आम्ही क्लबहाऊसच्या कपाटासाठी तीन संच घेतो. ज्यांना ११८ जड जातात त्या तिथून वाचतील.” निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या दोघी-तिघी गटात आहेत, त्यांच्यासाठी ११८ ही खरोखर रक्कम होती. हे त्या पहिल्या दिवशी कोणीच उघड बोललं नव्हतं.

ताईंनी गणपतीच्या आधी प्रत्येक भागाच्या ५० प्रती डिजिटल छपाईने काढल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारकडून मोफत मिळतो, त्यासाठीचा अर्ज मीच भरून दिला. छापील आवृत्ती आली तसा ई-बुकवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि किंमत ११८ ची १०५ झाली. ताईंचे ५० तेवढेच राहिले. तीन संचांच्या बारा प्रती आता क्लबहाऊसच्या काचेच्या कपाटात आहेत, आतल्या बाजूला पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर घेणारीचं नाव आणि तारीख. मी गेले होते तेव्हा पहिल्या भागाच्या कार्डावर चौदा नावं होती.

सत्तर पानांवरच्या रेघा पेन्सिलीच्या होत्या. परिचारिकेची सवय, डॉक्टरांच्या सहीशिवाय शाईने काही खोडायचं नाही. ताईंनी रबराने त्या पुसल्या, म्हातारी परत आली, आणि पाचवा भाग पुढच्या दिवाळीत निघाला. पहिल्या महिन्यात ६१ प्रती गेल्या आणि ३ परत आल्या. एकीवर ‘चुकून खरेदी’, दोहोंवर ‘फाइल नीट वाचता येत नाही’.

तक्ता आला त्या संध्याकाळी मी एका जुन्या फोनवर फाइल उघडून पहिल्या ओळीपासून तपासायला बसले. नवव्या प्रकरणात म्हातारी घाटाच्या कड्यावर उभी राहून खाली बघते. तिथे दोन ठिकाणी ‘दऱ्या’ पुन्हा ‘दर्या’ झाल्या होत्या. दुरुस्त केलेली फाइल रात्रीच दुकानाकडे पाठवली.